क्रशरची डस्ट

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर ‘मी पाहिलेला जिवंत ज्वालामुखी’ असा माझ्या व्याख्यानाचा विषय लिहिला गेला, तेव्हा मी ज्वालामुखी पाहिलेला नव्हता. व्हिसासुद्धा हातात आला नव्हता. पण चिटणीसांना ऑगस्टचा दुसरा शनिवार मोकळा जाऊ द्यायचा नव्हता आणि मला गुडघेदुखीवर आणखी एक डॉक्टर ऐकायचा नव्हता. सबब दोघांच्या सोयीने ज्वालामुखी ठरला.

मूळ बेत कन्येचा. ती म्युनिकला असते. आम्ही उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो की तिच्या घरातला डिशवॉशर कसा लावावा हे मी तिला शिकवतो. या वेळी तिने आधीच कळवलं, “बाबा, चार दिवस आईला घेऊन सिसिलीला जा. तिकिटं काढली आहेत. रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत.” शेवटचं वाक्य माझा स्वभाव ओळखून घातलेलं होतं. नकाशात इटली बुटासारखी दिसते आणि त्या बुटाच्या टोकाशी लाथ मारायला ठेवल्यासारखं सिसिली बेट आहे. बूट या वस्तूकडे लक्ष दे, असं नियती तेव्हाच सांगत होती. मी लक्ष दिलं नाही.

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कातानिया हे शहर, आणि त्याच्या डोक्यावर एटना. उंची 3,300 मीटरच्या वर. नक्की आकडा विचारू नये, कारण डोंगर स्वतःवर भर टाकतो, मधूनच थोडा ढासळतो आणि दर मोजणीला वेगळा भरतो. आमच्या पाटबंधारे खात्यात असं झालं असतं, तर लेव्हल घेणाऱ्याला मेमो मिळाला असता.

मी त्या खात्यात 32 वर्षं काढली. दगड मला कळतो असा माझा समज आहे. डोंगर तर कळतोच, कारण एके काळी मी दर रविवारी सिंहगड चढत असे. त्या काळातले माझे बूट माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. पंधरा-सोळा वर्षं त्यांना कुणी हात लावला नव्हता. ते काढले, तेव्हा ही म्हणाली, “अहो, नवे घ्या.”

“डोंगराचा बूट मुरलेला असावा लागतो,” मी म्हणालो.

“लोणचं नाहीये ते.”

या वाक्याकडेही मी लक्ष दिलं नाही.

कातानियात उतरल्यावर मला पहिल्या तासातच माहेरी आल्यासारखं वाटलं. सगळं शहर काळ्या दगडाचं. फरसबंदी काळी, देवळांचे चौथरे काळे, घरांच्या चौकटी काळ्या. 1693च्या भूकंपात बहुतेक सगळं गाव झोपलं, आणि पुन्हा उभारताना लोकांनी दगड लांबून आणला नाही. ज्या डोंगराने छळलं त्याचाच थिजलेला लाव्हा खणला, तासला आणि त्यावर पांढऱ्या चुनखडीची नक्षी लावून देखणे चर्च आणि वाडे बांधले. एका वेशीवर लॅटिनमध्ये कोरलंय की, मी राखेतून अधिक चांगली होऊन उठते. मी हिला सांगू लागलो की, हा आपलाच दगड. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, थरावर थर, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. वेरूळचं कैलास मंदिर कोरलं ते यातच. आणि धरणाच्या पायात असला काळा पाषाण लागला की आम्ही साइटवर पेढे वाटायचो.

“म्हणजे सव्वासहा हजार किलोमीटर येऊन आपण पुन्हा दगडच बघतोय,” ती म्हणाली. अंतर तिने मनानेच लावलं होतं, पण आशय बरोबर होता.

मुख्य चौकात मात्र तिने माझ्याकडे पाठ फिरवून हात जोडले. कारंज्यावर काळ्या लाव्हाचा हत्ती उभा आहे. पाठीवर मिसरी धर्तीचा खांब, सोंड वर, चेहरा प्रसन्न. अठराव्या शतकात वाकारिनी नावाच्या वास्तुरचनाकाराने जुन्या हत्तीला इथे बसवलं. हत्ती हेच शहराचं चिन्ह. लोक त्याला लाडाने ‘लिओत्रू’ म्हणतात. हेलिओडोरस नावाचा एक जादूगार होता, तो या हत्तीवरून फिरायचा, त्याच्या नावाचं बोबडं होऊन लिओत्रू झालं, असं सांगतात. हिला जादूगारात रस नव्हता. काळ्या पाषाणाचा गजानन युरोपात भेटला, एवढं तिला पुरे होतं. पुढे एका टपरीवर लिंबू, मीठ आणि सोडा मागितला, तर तिथल्या पोराने भल्यामोठ्या दांडीखाली लिंबू पिळून अस्सल खारा सोडा पुढ्यात ठेवला. हे तिथलं खास पेय म्हणे. संध्याकाळी जेवायला वांगं. त्यालाही ‘नोर्मा’ हे नाव. गावचा सुपुत्र बेल्लिनी, त्याच्या ऑपेराचं. काळा दगड, हत्ती, खारा सोडा आणि वांगं. मी कन्येला फोन करून विचारलं की, तिकिटांचे पैसे नक्की कशाचे घेतले?

आम्ही उतरलो ते एका जुन्या घरातल्या तिसऱ्या मजल्यावर. मालकीण सत्तरीची विधवा. तिला इंग्रजी येत नाही, हिला इटालियन येत नाही; पहिल्या संध्याकाळपासून दोघींचं अस्खलित बोलणं सुरू झालं. मी मोबाइलवर भाषांतर करून एक वाक्य जुळवेपर्यंत त्या सुनेवरून भाजीच्या भावावर पोचलेल्या असायच्या. गच्चीवरून एटना दिसायचा, म्हणजे दिसायची. सिन्योरा तिला ‘आ मुन्तान्या’ म्हणायची. बाईच ती. नुसता ‘डोंगर’ म्हटलं की समजायचं; एवढ्या जवळच्या माणसाला पूर्ण नावाने कोण हाक मारतं? तिचं दुसरं नाव मोंजिबेल्लो. लॅटिनमध्ये ‘मोन्स’ म्हणजे डोंगर आणि अरबीत ‘जबल’ म्हणजेही डोंगर; म्हणजे डोंगरडोंगर. आपल्याकडे ‘शेवटचा लास्ट स्टॉप’ म्हणतात त्यातलाच प्रकार. मी हा विनोद सिन्योराला मोबाइलवरून सांगितला. मोबाइलने काय सांगितलं कोण जाणे, तिने मला बसस्टॉपचा रस्ता दाखवला.

शहराचा इतिहास मी घरूनच वाचून नेला होता. त्यातल्या 1669ने तर माझी झोप उडवली. त्या वर्षी 11 मार्चला निकोलोसी गावाजवळ जमीन फाटली आणि लाव्हा गावं गिळत कातानियाकडे निघाला. तेव्हा दिएगो पाप्पालार्दो नावाच्या माणसाने पन्नासेक गडी जमवले, अंगावर ओली कातडी पांघरली आणि पहारी-कुदळींनी लाव्हाच्या कडेचा घट्ट झालेला बांध फोडला. आणि लाव्हा वळला की! वळला तो पातेर्नो गावाच्या रोखाने. लगेच पातेर्नोचे पाचएकशे लोक हत्यारं घेऊन आले आणि त्यांनी काम बंद पाडलं. मी माझ्या नोकरीत वरच्यांनी पाट फोडला म्हणून खालचे आणि खालच्यांनी दारं उचलली म्हणून वरचे काठ्या घेऊन आलेले पाहिले आहेत. पण तिथे भांडण ‘आम्हाला द्या’ असं असतं. ‘तुमचं तुम्हीच ठेवा’ यावरून मारामारी झालेला हा पहिलाच कालवा. शेवटी लाव्हा कातानियाच्या तटापर्यंत आला, तट ओलांडून आत शिरला आणि समुद्राला मिळाला. समुद्रकाठी बांधलेला उर्सिनो किल्ला आता शहरात, घरांच्या गराड्यात उभा आहे. पाणी मागे सरकलं नाही, जमीन पुढे गेली. पुढे 1983 आणि 1992मध्ये सरकारनेच बांध घालून, सुरुंग लावून लाव्हा वळवला. म्हणजे प्रस्तावावर कार्यवाही व्हायला तीनशेच्या वर वर्षं लागली. आमच्या खात्याच्या मानाने वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगर. स्टेशनसमोरून सकाळी एकच बस सुटते, दुपारी तीच परत येते. घरं संपली, द्राक्षमळे संपले, मग पिवळ्या फुलांची झुडपं आणि नंतर नुसताच काळा, उलथापालथ झालेला मुलूख. नांगरून सोडून दिलेलं शेत, पण ढेकळं म्हशीएवढी. साधारण 1,900 मीटरवर बस थांबते. तिथून पाळण्याने 2,500 मीटरपर्यंत. हा पाळणा लाव्हाने आजवर अनेकदा गिळलाय आणि यांनी तो दर वेळी पुन्हा उभा केलाय. पायथ्याशी बूट आणि जाकिटं भाड्याने मिळतात. हिने मुकाट्याने दोन्ही घेतलं.

“तुम्हीही घ्या.”

“बूट? भाड्याने? मी?” शेजारच्या जर्मन जोडप्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणालो. म्हणजे साक्षीदारही मीच गोळा केले.

वरच्या भागात वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. आमच्या गटाची वाटाडी पंचविशीतली पोरगी होती, हरणासारखी चालणारी. मी तिच्या बरोबरीने चालत राहिलो, कारण मला तिला दख्खनची माहिती द्यायची होती. आमचा लाव्हा आजही पाचएक लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, एटना त्याच्या एका कोपऱ्यात बसेल, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आता तो पेटत नाही?”

“नाही. आमचा रिटायर झालाय.”

“दोघंही,” मागून हिचा आवाज आला. तोही इंग्रजीत. इतर वेळी तिला इंग्रजी येत नाही.

साधारण 2,900 मीटरवर पोचलो तेव्हा ढग उतरला. समोरची मुखं दिसेनात, वाटाडीची लाल टोपी दिसेना. फक्त वास होता. ही म्हणाली, लक्ष्मीपूजनानंतरच्या सकाळी गल्लीत येतो तसा. पायाखाली जमीन कोमट होती. मी धुक्याचे सतरा फोटो काढले. ढग जाईपर्यंत गोष्ट सांगते, म्हणून त्या पोरीने सगळ्यांना खाली बसवलं. या जागेला ‘तत्त्वज्ञाचा बुरूज’ म्हणतात. तत्त्वज्ञ म्हणजे एम्पेडोक्लीस, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, याच बेटावरच्या आक्रागासचा. पृथ्वी, आप, तेज, वायू या चार तत्त्वांचं जग आहे असं सांगणारा. (आपल्याकडे पाच आहेत, आकाश त्याने काटकसरीत सोडलं असावं.) आपण देव आहोत हे लोकांना पटावं म्हणून त्याने म्हणे एटनाच्या मुखात उडी घेतली. मागे काही उरलं नसतं तर पटलंही असतं. पण डोंगराने त्याची एक ब्राँझची वहाण बाहेर फेकली.

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसत उठलो. माझ्या शरीराचा बाकीचा भाग उठला. उजव्या बुटाचा तळ जमिनीवरच राहिला.

आवाजसुद्धा झाला नाही. झाला असता तर थोडी प्रतिष्ठा राहिली असती. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या बुटाचा तळ आतल्या आत कुजतो, हे मला आता माहीत आहे. वरून चामडं ठणठणीत आणि खाली शिळ्या भाकरीचा चुरा. मी एक पाऊल मागे घेतलं, तर डाव्यानेही मगरीसारखा जबडा उघडला. वाटाडीने तो सुटलेला तळ उचलला, दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला आणि ओरडली, “एम्पेदोक्ले!”

मग टाळ्या. जर्मन गृहस्थाने फोटो काढला. त्या दिवसभरात एटनावर निघालेला तेवढाच एक स्पष्ट फोटो असावा.

पोरगी मात्र भली. तिने पिशवीतून रुपेरी चिकटपट्टी काढली आणि माझे दोन्ही पाय फ्रॅक्चरवाल्यासारखे गुंडाळून दिले. उतरताना खर्रखर्र आवाज येत होता. टेपच्या आत कुठेतरी एक खडा शिरला होता आणि पावलागणिक टोचत होता. पण बांधलेलं पुन्हा सोडायची माझी हिंमत नव्हती. खाली पोचल्यावर हिने भाड्याचे बूट परत केले. काउंटरवरच्या माणसाने माझ्या पायांकडे पाहिलं आणि तिला काहीतरी विचारलं. तिने कपाळाला हात लावला. तेही त्याला कळलं.

व्याख्यानाची इभ्रत वाचवायला आता एकच मार्ग उरला होता : उद्रेक. सिन्योरा म्हणाली होती की, बाई दोन दिवस घुटमळते आहे, रात्री एखादवेळी लाल दिसेल. त्या रात्री मी गच्चीत खुर्ची टाकून पहाटे तीनपर्यंत बसलो. पुढच्या रात्री चारपर्यंत. डोंगराच्या टोकावर एखादा लालसर ठिपका यायचा आणि विझायचा, कुणीतरी दूरवर बिडी ओढत असल्यासारखा. सिन्योराने सोबतीला घरची मिठाई आणून ठेवली. पांढरी, घुमटाकार, आत रिकोटा, वर लाल चेरी. मी दोन खाल्ल्या, मोदकाची बहीण म्हणून गौरवल्या, आणि मग नाव विचारलं. ती या शहराची संत आगाता हिच्या आठवणीची मिठाई निघाली. तिसऱ्या शतकातली ही कुमारिका श्रद्धा सोडेना, म्हणून तिचे स्तन छाटले होते. तिच्या मृत्यूनंतर वर्षभराने, 252मध्ये, लाव्हा शहराकडे आला तेव्हा लोकांनी तिचं वस्त्र समोर धरलं आणि तो थांबला, असं गाव मानतं. फेब्रुवारीत तिचा मोठा उत्सव असतो. मी तिसरी उचललेली बशीत परत ठेवली. सिन्योराने ती पुन्हा माझ्या हातात दिली. यात खंत करण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. प्रसाद तो प्रसाद.

शेवटच्या रात्री मी हरलो. गल्लीत स्कूटरी फार, म्हणून कानांत कापसाचे बोळे घातले आणि दहालाच आडवा झालो.

सकाळी गच्चीत आलो तर काय! सगळी गच्ची काळी. फरशीवर, खुर्चीवर, तुळशीसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या बेसिलच्या कुंडीवर जाड, काळी, करकरीत वाळू. दोरीवर माझे दोन बनियन आणि एक लुंगी वाळत होती, त्यांची गणना आता काळ्या कपड्यांत होती. मी एक चिमूट बोटांत चोळली. 32 वर्षांचा अनुभव काही वाया जात नाही.

“क्रशरची डस्ट!” मी खाली ओरडलो. “शेजारी कुठेतरी खडी क्रशर चालू आहे. रात्री चोरून चालवतात हे लोक, मला माहितीये. नगरपालिकेला कळवा म्हणावं सिन्योराला. पाणी मारायला पाहिजे पाणी!”

ही आणि सिन्योरा जिन्यात उभ्या होत्या. दोघींच्या हातात झाडू. ही काही बोलली नाही. तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर रात्रीचं काळं आकाश, मधोमध तांबडालाल उभा फवारा, दिवाळीतल्या झाडाच्या हजार पटींनी, आणि अर्ध्या चित्रावर सिन्योराचा अंगठा. मागून दोघींचे “अगं बाई” आणि “मादोन्ना” असे आळीपाळीने आवाज. खिडक्यांची तावदानं वाजत होती.

“मला उठवलं का नाहीस?”

“तीनदा उठवलं. गदागदा हलवलं. तुम्ही म्हणालात, ‘सकाळी साइटवर येऊन बघतो.’”

सिन्योरा शांतपणे झाडत होती. गल्लीभर सगळ्या गच्च्यांतून तोच खर्रखर्र आवाज. कुणी आकाशाकडे बघत नव्हतं. काहीजण छत्री उघडून कामाला निघाले होते. राख घसरडी म्हणून महापालिकेने दुचाकींना बंदी केली होती, गाड्यांना ताशी 30 किलोमीटरची मर्यादा. तीन दिवस मला ज्या स्कूटरींनी छळलं त्या बंद पडल्या, पण आता मला झोपायचं नव्हतं. मी टेप लावलेल्या बुटांतून खाली गेलो आणि एका पोऱ्याला विचारलं, घाबरला होतात का? त्याने थोडा विचार करून सांगितलं की, हो, काल आईने गाडी धुतली होती.

राखेमुळे विमानतळ बंद झाला. आम्हाला बसने बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पालेर्मोला नेऊन तिथून उडवलं. त्या सगळ्या धावपळीबद्दल सांगण्यासारखं एवढंच की, सुरक्षातपासणीत बूट काढायला लावले आणि टेप सोडवण्यापेक्षा मला तसंच सोडणं त्यांना सोपं वाटलं. हिच्या पर्समध्ये एक दह्याचा रिकामा डबा होता, राखेने गच्च भरलेला. सिन्योराने दिला होता. लहानपणी चुलीच्या राखेने भांडी घासलेली माणसं ही. दोघींना एकमेकींना काही समजावून सांगावं लागलं नव्हतं. पुण्यात आल्यावर तिने त्या राखेने समई घासली. अशी लखलखीत समई आमच्या घरात कधी नव्हती, हे मला मान्य करावं लागलं.

व्याख्यान झालं. मी 40 मिनिटं बोललो, पाप्पालार्दोवर टाळी मिळाली. मग चित्रफीत लावली आणि सभेने माझ्याकडे पाहणं सोडलं. सगळे प्रश्न हिला. ती बसल्या जागेवरून उत्तरं देत होती. तुम्ही कुठून चित्रण करत होतात, असं एकाने मला विचारलं. मी प्रोजेक्टरची वायर तपासायला वाकलो.

राहता राहिले बूट. ही म्हणाली, टाका. मी म्हटलं, चामडं चांगलं आहे, नुसता सोल लावून घेतो. कोपऱ्यावरच्या मोचीकाकांनी टेप फाडली, बूट उलटा केला, तळाच्या फटीत आरी घातली आणि टचकन काहीतरी उडवलं. काळा, सुपारीएवढा खडा. एटनाच्या 2,900 मीटरवरचा, चार विमानतळ ओलांडून आलेला, माझ्याजवळचा एकमेव पुरावा. मी “अहो, थांबा” म्हणेपर्यंत तो दोन टप्पे घेऊन फूटपाथच्या कडेला गेला, जिथे रस्त्याच्या कामाची खडी ओतलेली होती.

“काय पडलं, साहेब? पैसे?”

“नाही. खडा.”

त्यांनी ढिगाकडे आरी केली. “घ्या की मग ह्यातला. कितीबी घ्या, इचारतंय कोण.”

मी चष्मा पुसला आणि उकिडवा बसलो.